‘नकळत’ या शब्दाविषयी

आपल्या समाजातील नव्या लेखकांच्या कथा वाचून त्यांवर चार शब्द सांगण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येत असते. या कामाचा कंटाळा येत नाही, उलट आनंदच होतो. परंतु अलीकडे हस्तलिखित हाती घेतले की माझी पेन्सिल एका विशिष्ट शब्दाच्या शोधात फिरू लागते. तो शब्द म्हणजे ‘नकळत’. नायिकेच्या नकळत तिच्या डोळ्यांच्या कडा ओलावतात. वडिलांचा हात नकळत मुलाच्या पाठीवर जातो. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलेल्या नायकाची नजर नकळत पहिल्या बाकाकडे वळते. एका सात पानी कथेत हा शब्द मी अकरा वेळा मोजला. गंमत अशी की, एवढे सगळे नकळत घडत असताना त्या कथेत न कळण्याजोगे काहीच उरलेले नव्हते. प्रत्येक ‘नकळत’च्या पाठोपाठ लेखकाने ‘कारण’ हा शब्द योजून पात्राच्या मनातले सारे गुपित वाचकाच्या ओंजळीत रिकामे केले होते.

प्रश्न वरवर पाहता शैलीचा आहे. मला मात्र तो तेवढाच वाटत नाही. माणूस जे जाणूनबुजून करतो त्याचा हिशेब आपण पापनिवेदनाच्या वेळी मांडतो, आणि तो कसा मांडावा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. जे त्याच्या हातून जाणिवेच्या अलीकडे घडून जाते, त्याचे काय? घरातल्या माणसांना दुखावतो तो बहुधा हाच भाग. ‘तू असे का म्हणालास’ या प्रश्नाला उत्तर असते. ‘तू त्या वेळी तसे तोंड का केलेस’ या प्रश्नाला नसते. साहित्याचे एक मोठे क्षेत्र या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू होते.

मराठी भाषेने या बाबतीत लेखकाची मोठी सोय करून ठेवली आहे. ‘तो हसला’ आणि ‘त्याला हसू आले’ ही दोन्ही वाक्ये आपण दिवसातून कितीदा तरी बोलतो, आणि दोहोंतील अंतर क्वचितच ध्यानात घेतो. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात हसू हाच कर्ता. माणूस म्हणजे ते जिथे येऊन उतरले ते ठिकाण. ‘मला राहवेना’, ‘तिला बघवले नाही’, ‘त्याला रडू कोसळले’ या साऱ्या रचनांत माणूस आपल्याच कृतीपासून एक पाऊल दूर उभा असतो. ‘मळमळते’, ‘उजाडते’ अशा क्रियापदांना तर व्याकरणकारांनी भावकर्तृक असे नावच दिले आहे. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रानेही घाम, रोमांच, कंप, अश्रू असे आठ सात्त्विक भाव सांगून शरीराच्या या स्वतंत्र बोलीची दखल घेतली होती. मात्र ते आठ भाव सर्वांना सारखेच. घाम राजाला फुटतो, विदूषकालाही फुटतो. कादंबरीकाराला हवे असते ते एकाच माणसाचे, त्याच्याच आयुष्यातून वर आलेले हसू.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात एक भेद केला आहे. माणसाकडून जे जे घडते ते सर्वच खऱ्या अर्थाने ‘मानवी कृती’ नव्हे. विवेक आणि इच्छा यांतून जे निघते तेवढेच त्या नावाला पात्र. मग बाकीचे काय? तेथे त्यांनी उदाहरण दिले आहे ते फार घरगुती आहे: दुसऱ्याच विचारात गढलेला माणूस हात किंवा पाय हलवतो, दाढी खाजवतो. नीतीचा विचार करताना ही दाढी त्यांनी बाजूला ठेवली, आणि ते योग्यच होते. दाढी खाजवण्याबद्दल कुणाला प्रायश्चित्त द्यायचे? नीतिशास्त्राने बाजूला ठेवलेली ही वस्तू सुमारे सहाशे वर्षांनी एका कादंबरीकाराने उचलली आणि तिच्यावर आपल्या ग्रंथाचे पहिले प्रकरण उभे केले.

तो ग्रंथ म्हणजे लिओ टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’. ही कादंबरी १८७५ पासून एका रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८७८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या आरंभी स्टीवा ऑब्लोन्स्की हा सुखवस्तू गृहस्थ सकाळी आपल्या अभ्यासिकेतील कोचावर जागा होतो. पत्नीच्या खोलीत न झोपता आपण येथे का झोपलो, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येते. मुलांना शिकवायला ठेवलेल्या फ्रेंच बाईशी त्याचे संबंध होते आणि त्यासंबंधीची चिठ्ठी पत्नीच्या, डॉलीच्या हाती लागलेली आहे. त्या संध्याकाळी तो नाटकाहून मजेत परतला होता, पत्नीसाठी आणलेले एक भले मोठे पेअर हातात होते. डॉलीने ती चिठ्ठी पुढे करून ‘हे काय आहे’ असे विचारले. आणि ऑब्लोन्स्कीच्या चेहऱ्यावर त्याचे नेहमीचे हसू उमटले: भल्या माणसाचे, म्हणूनच त्या क्षणी मूर्खपणाचे हसू. ते पाहताच शारीरिक वेदना व्हावी तशी डॉली शहारली, कडू शब्दांचा लोट तिच्या तोंडून बाहेर पडला आणि ती खोलीतून निघून गेली. त्यानंतर ती नवऱ्याचे तोंड पाहायला तयार नाही.

आता कोचावर बसून ऑब्लोन्स्की विचार करतो तो कशाचा? विश्वासघाताचा नव्हे. आपण नाकारले असते, रागावलो असतो, क्षमा मागितली असती, फार काय निर्विकार राहिलो असतो तरी चालले असते. ते हसू तेवढे यायला नको होते! ‘मेंदूची प्रतिक्षिप्त क्रिया’ असे त्याला स्वतःच त्या हसण्याचे स्पष्टीकरण सुचते, कारण शरीरशास्त्राची त्याला आवड आहे. त्या काळच्या रशियन वाचकाला यातली खोच तत्काळ कळली असणार. सेचेनोव्ह या शास्त्रज्ञाचा मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील प्रबंध १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि सुशिक्षितांच्या बैठकींतून त्याची चर्चा होत असे. म्हणजे नकळत घडलेल्या कृतीचे ‘कारण’ येथेही दिलेले आहे, पण ते लेखकाने दिलेले नाही. पात्राने दिलेले आहे, आणि ते अपुरे आहे. ते अपुरे आहे म्हणूनच आपल्याला ऑब्लोन्स्की कळतो.

मराठी वाचकाने हा प्रसंग आपल्या भाषेत मनाशी बोलून पाहावा. ऑब्लोन्स्की म्हणतो, ‘मला हसू आले’. डॉलीने पाहिले ते, ‘तो हसला’. दोघेही खोटे बोलत नाहीत. एक अक्षरही न बोललेल्या माणसाविरुद्ध डॉलीचा निवाडा कठोर आहे असे कुणी म्हणेल. परंतु तिला त्या हसण्यात काय दिसले असावे? एवढ्या वर्षांत जे जे अवघड समोर आले ते ते या माणसाने याच हसण्याने निभावून नेले आहे. मित्रांपुढे, कचेरीत, सावकारापुढे हेच हसू चालते. चिठ्ठीचा अपराध एका बाईपुरता होता. हसण्यातून तिला कळले की या माणसाच्या लेखी तिची वेदनाही अशाच निभावून नेण्याच्या गोष्टींपैकी एक आहे. थॉमस यांचा भेद येथे खोटा ठरत नाही. हसू ही त्या क्षणाची स्वेच्छेची कृती नव्हतीच. मात्र ज्या सवयीतून ते आले ती सवय त्याने रोज, जाणतेपणी, आवडीने जोपासली होती.

याच कादंबरीच्या सहाव्या भागात एक प्रसंग आहे, त्यात कुणाचा अपराध नाही आणि तरीही दोन आयुष्ये हातची निसटतात. कोझ्निशेव हा नायक लेव्हिनचा वडील सावत्र भाऊ, विद्वान, लेखक, प्रौढ. व्हारेन्का ही परस्वाधीन, शांत, दुसऱ्यांच्या सेवेत आयुष्य घालवणारी तरुणी. घरातली मंडळी रानात अळंबी गोळा करायला गेली आहेत आणि हा आज तिला मागणी घालणार, हे दोघांना ठाऊक आहे. कोझ्निशेवने मनाशी सर्व बाजूंनी विचार केलेला आहे. तरुणपणी ज्या मुलीवर त्याचे प्रेम होते ती मेली, तिच्या आठवणीशी एकनिष्ठ राहण्याचे त्याने ठरवले होते, पण आता तो अडसर राहिलेला नाही. मागणीचे शब्दही त्याने मनात जुळवून ठेवले आहेत. दोघे इतरांपासून दूर चालत जातात. एक दीर्घ स्तब्धता. त्या स्तब्धतेनंतर बोलणे सोपे गेले असते. पण व्हारेन्काच्या तोंडून, तिच्याच इच्छेविरुद्ध, अळंब्यांविषयीचे एक वाक्य निघून जाते. त्याला ते आवडत नाही, तो विषय मागे न्यायला बघतो, आणि तोही अळंब्यांवरच बोलतो. मग जुळवलेले शब्द पुन्हा एकदा मनात म्हणून तो तोंड उघडतो आणि विचारतो की, अळंब्यांच्या या दोन जातींत फरक कोणता?

व्हारेन्काचे ओठ थरथरतात. टोपीत फारसा फरक नसतो, देठात असतो, असे ती सांगते. हे शब्द उच्चारले जाताच दोघांनाही समजते की संपले. बर्चच्या झाडाखालच्या अळंब्याचा देठ दोन दिवस न केलेल्या दाढीसारखा दिसतो, असे कोझ्निशेव आता अगदी शांतपणे म्हणतो. (पुन्हा दाढीच! हा योगायोग आहे हे मला कळते, तरी थॉमस यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.) घरी परतल्यावर तो सर्व मुद्दे पुन्हा तपासतो आणि आपला आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, मृत प्रेयसीच्या स्मृतीशी आपल्याला प्रतारणा करता येणार नाही, असे ठरवतो.

असे का झाले? पंधरा वेळा वाचूनही मला याचे एकच उत्तर देता आलेले नाही. त्याला खरोखर लग्न करायचेच नव्हते काय? की दोघेही इतके सभ्य होते की अवघड शांततेपेक्षा त्यांना अळंबी बरी वाटली? व्हारेन्काने आधी तोंड उघडले ते नकाराच्या भीतीने की होकाराच्या? टॉलस्टॉय ‘इच्छेविरुद्ध’, ‘अनपेक्षितपणे’ असे शब्द मोकळेपणाने वापरतो. म्हणजे माझ्या पेन्सिलीच्या न्यायाने तोही दोषीच. फरक असा की त्यापुढे ‘कारण’ येत नाही. कारण येते ते घरी पोचल्यावर, कोझ्निशेवच्या डोक्यात, आणि ते इतके नीटनेटके असते की आपला त्यावर विश्वास बसत नाही. मनाने आधी पाऊल उचललेले असते. बुद्धी मागाहून दिवा घेऊन येते आणि वाट आपणच दाखवली असे मानते.

अशी स्थळे या ग्रंथात जागोजागी आहेत. मॉस्कोहून परतलेल्या ॲनाला स्टेशनवर उतरताच नवऱ्याचे कान एकाएकी विचित्र दिसू लागतात. ती प्रेमात पडली आहे हे तिच्याआधी तिच्या डोळ्यांना कळलेले असते. तिचा नवरा कॅरेनिन याला बोटे मोडण्याची सवय आहे. आपल्याकडे एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे त्याला शाप देणे. कॅरेनिन कुणाला शाप देत नाही, त्याला त्याने बरे वाटते इतकेच. त्या आवाजाने ॲनाच्या जिवाचे मात्र पाणी होते.

ही रीत टॉलस्टॉयने शोधून काढली असे मी म्हणणार नाही. दरवर्षी गुड फ्रायडेला आपण संत योहानाच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकतो. प्रभू येशूला आत नेले आहे. अंगणात नोकरांनी कोळशाचा विस्तव केला आहे आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत आहे. मग योहान आपल्याला आत नेतो, तेथे प्रश्नोत्तरे होतात, चपराक बसते. बाहेर येऊन तो पुन्हा सांगतो की पेत्र शेकत उभा होता. दोन्ही वेळा एवढेच. पेत्राच्या मनात भीती होती, लाज होती, थंडीही होती. योहानाने फक्त हात विस्तवावर धरलेले दाखवले. पुढे पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभू पेत्राला तीन वेळा प्रश्न विचारतो, तेथेही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. त्याकडे पाहून पेत्राला काय आठवले हे शुभवर्तमानकार सांगत नाही. आपल्या एखाद्या कथालेखकाने सांगितले असते.

यात एक दुसरा धोकाही आहे, आणि तो थोडा अधिक शिकलेल्या लेखकांना होतो. फ्रॉइडने १९०१ मध्ये रोजच्या व्यवहारातील चुकांवर, जीभ घसरणे, नाव विसरणे, वस्तू हरवणे यांवर पुस्तक लिहिले. तेव्हापासून कथेत कुणी छत्री विसरला की ती विसरण्यामागे दडलेली इच्छा असलीच पाहिजे, असा संकेत रूढ झाला. मग ती छत्री कोडे बनते. वाचकाने ते सोडवायचे, आणि सुटले की फेकून द्यायचे. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ लिहून संज्ञाप्रवाहाचा अगदी वेगळा मार्ग चोखाळला. त्या धाडसाचे मोल मोठे आहे. तरीही मला वाटते, मनाचा सगळा प्रवाहच कागदावर वाहू दिला तर मन बोलके होते, आणि बोलके झालेले मन नेणिवेत राहिलेले नसते. याबाबत माझ्याशी मतभेद असणारे वाचक आहेत, याची मला कल्पना आहे.

तेव्हा नव्या लेखकांना माझे सांगणे कथेतून ‘नकळत’ हा शब्द गाळा असे नाही. वडिलांचा हात मुलाच्या पाठीवर नकळत जायचा असेल, तर आधीच्या पानांत तो हात कुठे कुठे गेला होता आणि कुठे गेला नव्हता, हे आम्हाला दिसले पाहिजे. आपल्या कथांतील बाप एक तर निर्दय असतो, नाही तर शेवटच्या पानावर रडणारा. आपल्या घरांतले बाप असे नसतात. ते संध्याकाळी मोटारसायकल उभी करताना मुलगा घरी आहे का हे विचारत नाहीत, पायरीवरच्या चपला मोजतात.

आमची एक मावशी शेवटची तीन वर्षे विस्मृतीच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती. पोटच्या मुलांची ओळख गेली, प्रार्थनांचे शब्द गेले. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की मात्र तिचा उजवा हात उठे, कपाळापर्यंत जाई आणि क्रूसाची खूण अर्धवट करून पांघरुणावर पडे. घरात यावरून वाद होता. तिच्या धाकट्या मुलाचे म्हणणे, ही नुसती हाताची सवय, हिला प्रार्थना म्हणून आपण आपली समजूत घालतो. थोरली मुलगी त्यावर काही बोलत नसे. घंटेच्या वेळी मात्र ती आईच्या हातातली वाटी काढून घेऊन हात मोकळा ठेवी. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. परंतु ॲनाच्या शेवटाचे प्रकरण मी त्या खोलीत बसून वाचले तेव्हा मला ते प्रथमच वाचतो आहे असे वाटले.

मॉस्कोजवळच्या एका लहान स्टेशनवर ॲना रुळांपाशी उभी आहे. पहिल्या डब्याखाली पडायचे तिने ठरवले होते, पण हातातली छोटी लाल पिशवी काढण्यात क्षण गेला आणि डबा निघून गेला. मरायला निघालेल्या बाईला पिशवी आधी काढावीशी वाटते! ती दुसऱ्या डब्याची वाट पाहते. आंघोळीसाठी पाण्यात शिरताना वाटावे तसे तिला वाटते, आणि ती क्रूसाची खूण करते. या ओळखीच्या हालचालीसरशी बालपणाच्या आणि कुमारवयाच्या आठवणींची मालिका तिच्या मनात जागी होते. सारे झाकून टाकणारा काळोख क्षणभर फाटतो. ती थांबत मात्र नाही. डब्याखाली गेल्यावर, फार उशिरा, आपण कुठे आहोत, हे काय करतो आहोत, असा धक्का तिला बसतो. उठण्याचा प्रयत्न ती करते आणि क्षमा मागते. या खुणेला टॉलस्टॉय प्रार्थना म्हणत नाही, नुसती सवयही म्हणून सोडून देत नाही. हात उठला आणि त्याच्याबरोबर एक घर, एक लहान मुलगी वर आली, इतकेच तो नोंदवतो.

ॲना ही ऑब्लोन्स्कीची सख्खी बहीण. दोघे एकाच घरात वाढले, दोघांचे हात एकाच दाईने धरून क्रूसाची खूण शिकवली असेल. कादंबरी भावाच्या हसण्याने सुरू होते. बहिणीच्या मृत्यूनंतरचा आठवा भाग मासिकाच्या संपादकाने छापण्यास नकार दिला, म्हणून टॉलस्टॉयने तो १८७७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्यात जेमतेम दोन महिन्यांनी ऑब्लोन्स्की मॉस्कोच्या स्टेशनवर भेटतो. ज्याच्यासाठी ॲनाने घर सोडले तो व्रॉन्स्की याच गाडीने युद्धावर निघाला आहे, असे त्याला कुणी तरी सांगते. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटते. बहिणीच्या प्रेतावर पडून तो हंबरडा फोडून रडलेला आहे. मग पावलागणिक किंचित झुलत, गालमिशांवरून हात फिरवीत, तो व्रॉन्स्की बसला होता त्या खोलीकडे जातो. आणि आत शिरेपर्यंत त्याला एका जुन्या मित्राला भेटण्याचा आनंदच तेवढा उरलेला असतो.